‘सेव्ह झालं’ म्हणजे नक्की कुठे?

रात्रीच्या बॅकअपच्या लॉगमध्ये ‘यशस्वी’ असं लिहिलेलं, आणि सकाळी सर्व्हरवर फाइल सापडली ती शून्य बाइटांची. मधल्या वेळात घडलं एवढंच, की पहाटे लाइट गेले होते. हे मी स्वतः पाहिलंय, म्हणून पोटतिडकीने लिहितोय.

राइट एरर न देता परतलं की डेटा डिस्कवर गेला, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो अजून आपल्याच मशीनच्या मेमरीत असतो. लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये साधारण ३० सेकंद तिथेच राहू शकतो. एनएफएसवर (सर्व्हरवरच्या फाइल नेटवर्कवरून वापरायची सोय) फाइल क्लोज करताना क्लायंट तो सहसा सर्व्हरकडे धाडतो खरा, पण जागा संपली, कोटा भरला ही तक्रारही तेव्हाच येते. क्लोजचं उत्तर तपासणारा कोड मला फार कमी दिसतो.

डेटा डिस्कवर जाईपर्यंत थांबायला एफसिंक असतं, पण ‘नेटवर्कवर एफसिंकला अर्थच नाही’ असंही ठासून सांगितलं जातं. ते चूक आहे. १९९५च्या एनएफएस व्हर्जन ३ पासून सर्व्हरला डेटा तात्पुरता मेमरीत ठेवायची मुभा आहे; पण एफसिंक केलं की क्लायंट ‘कमिट’ पाठवतो, आणि डेटा टिकाऊ जागी गेल्याशिवाय सर्व्हरने त्याची पोच द्यायची नाही, असा नियम आहे. तोवर क्लायंट आपली प्रत सांभाळून ठेवतो. सर्व्हर उत्तरांसोबत ८ बाइटांची एक खूण देतो. तो मध्येच रीस्टार्ट झाला तर खूण बदलते, क्लायंटला कळतं आणि तो राहिलेलं सगळं पुन्हा पाठवतो. किती विचारपूर्वक केलेली रचना आहे ही!

ती मोडायला एक शब्द पुरतो: सर्व्हरच्या एक्स्पोर्ट्स फाइलमधला ‘असिंक’. वेग वाढतो म्हणून कुणीतरी तो घालतं, आणि सर्व्हर डिस्कवर न लिहिताच पोच देऊ लागतो. क्लायंट निर्धास्तपणे आपली प्रत टाकून देतो. क्लायंटच्या माउंटला ‘सिंक’ लावून यावर इलाज होत नाही. आमच्या त्या फाइलच्या मुळाशी हाच शब्द निघाला.

आणि एफसिंक फेल झालं तर पुन्हा करून पाहावं? नको. न लिहिली गेलेली पानंही लिनक्स लिहिल्यासारखी धरू शकतं. मग दुसरं एफसिंक यशस्वी होतं, डेटा मात्र गेलेला असतो. २०१८ मध्ये पोस्टग्रेसच्या मंडळींना हे कळलं. आता एफसिंक फसलं की तो डेटाबेस स्वतःला थांबवतो आणि लॉगवरून सावरतो. साध्या फाइलला लॉग नसतो, म्हणून ती नव्या नावाने पहिल्यापासून लिहा, एफसिंक आणि क्लोज दोन्हींचं उत्तर बघा, आणि मगच रीनेम करून जुनीची जागा तिला द्या.