कान फोनवर दिसत नाही!

पावसाळ्यात वसईच्या होळी बाजारातल्या औषधाच्या दुकानाशी थोडा वेळ उभे राहा. 'कानात टाकायला थेंब द्या' म्हणणारे एखादे तरी गिऱ्हाईक येतेच. आपल्या दमट हवेत कानात बुरशी धरते. कान खाजतो, ठणकतो, दडा बसतो. मग कुणी लसूण घालून कढवलेले तेल सोडते, कुणी मागच्या वर्षीची बाटली शोधते. पडदा फाटलेला असेल, तर हे दोन्ही उपाय अंगाशी येतात.

वसईकराला कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठणे फारसे अवघड नाही. पण आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून त्यासाठी अख्ख्या दिवसाची मजुरी बुडते. अशा वेळी टेलिमेडिसिन, म्हणजे दूरवरून मिळणारा वैद्यकीय सल्ला, उपयोगी पडतो. त्याची नियमावली २५ मार्च २०२० रोजी जाहीर झाली. 'ई-संजीवनी' ही सरकारी सेवा विनामूल्य आहे. मोबाइलवरून घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येते, किंवा आरोग्य उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी दूरच्या डॉक्टरांशी जोडून देतात.

परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोठ्या माणसाच्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब आणि वाकडी असते; पडदा तिच्या आतल्या टोकाला. मोबाइलच्या साध्या कॅमेऱ्याला तो दिसत नाही. त्यासाठी कॅमेरा जोडलेली कानाची दुर्बीण लागते. ती केंद्रात असेल, तर पडद्याचे चित्र तज्ज्ञाला दुरूनही पाहता येते. नसेल, तर लक्षणांवरूनच अंदाज बांधावा लागतो. म्हणून 'प्रत्यक्ष येऊन दाखवा' असे डॉक्टर म्हणाले, तर ती टाळाटाळ समजू नये.

फोनवर काय चालेल?

वारंवारच्या शिंका व सर्दी, शस्त्रक्रियेनंतरची विचारपूस, श्रवणचाचणीचा अहवाल, चालू औषधांविषयी शंका. बोलण्यापूर्वी त्रास कोणत्या कानाला, केव्हापासून, कान वाहतो का, हे लिहून ठेवावे. जुने कागद जवळ असावेत. मिळालेल्या चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे ना, तेही पाहावे.

थेट रुग्णालयात केव्हा?

• अचानक एका कानाने ऐकू येईनासे झाल्यास. उपचार पहिल्या काही दिवसांतच सुरू व्हावे लागतात.

• मुलाने नाकात वा कानात घड्याळातला चपटा सेल घातल्यास. तो काही तासांत आतला भाग जाळतो.

• कान वाहत असताना ताप, तीव्र डोकेदुखी, चक्कर किंवा चेहरा वाकडा झाल्यास.

• आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला असल्यास. तंबाखू खाणाऱ्यांनी तर मुळीच थांबू नये.

• घोळणा फुटल्यास पुढे वाकून बसावे व नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे सलग दाबून धरावा. तरीही रक्त न थांबल्यास निघावे.

गाडी नसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

तोवर कानात तेल नको, पाणी नको, काडी तर नकोच. कान कोरडा ठेवावा. एवढे तर प्रत्येक घरी आजपासून करता येईल.