बोटीच्या केबिनमध्ये बुरशी? आधी मीठ काढा
मुंबईत पावसाळाभर बंद ठेवलेली शिडाची बोट ऑक्टोबरमध्ये उघडली, की केबिनमधून कुबट वास येतो. गाद्यांवर, लाकडावर काळे-हिरवे ठिपके दिसतात. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी फोफावते. त्यात मीठ ओलावा ओढून घेते. म्हणून खारे पाणी लागलेली केबिन नीट वाळतच नाही. आधी गोड्या पाण्याच्या फडक्याने मीठ पुसा. मग मास्क लावून पांढरे व्हिनेगर फवारा, तासाभराने पुसा. ब्लीचने लाकडावरचा डाग फिकट होतो, आतली बुरशी राहते. व्हिनेगर आणि ब्लीच तर एकत्र नकोच! त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि एवढ्याशा बंद जागेत तो जिवावर बेतू शकतो. गाद्या उन्हात वाळवा, नंतर उभ्या ठेवा आणि कपाटांची दारे उघडी राहू द्या.