तीन नळ्या आणि रेघांचा हिशेब

पुण्यात माझ्या एका मित्राच्या हॉलमध्ये छताला जे धूड टांगलंय, ते पाहून नवा पाहुणा आधी आपली खुर्ची बाजूला सरकवतो. साठेक किलोचं लोखंड आणि पुढे तीन मोठाले डोळे: लाल, हिरवा, निळा. हा सीआरटी प्रोजेक्टर. कुठल्याशा बंद पडलेल्या ट्रेनिंग हॉलमधून मित्रानं तो भंगाराच्या भावात उचलला, चौघांनी धापा टाकत जिन्यावरून चढवला. मग पहिल्याच रात्री त्यानं तेच केलं जे सगळे करतात. कॉम्प्युटर जोडला आणि मशीन घेईल तेवढं मोठ्यात मोठं रिझोल्यूशन देऊन टाकलं: १९२० बाय १०८०. चित्र आलं, पण शंभर वेळा धुतलेल्या साडीसारखं विटकं. १२८० बाय ७२० वर उतरवल्यावर तीच साडी नवी दिसायला लागली.

यामागचं कारण समजलं की हे यंत्र अर्धं समजलं. आजच्या टीव्हीला ठिपके मोजून दिलेले असतात. या नळ्यांना ठिपके नसतातच. प्रत्येक रंगाची स्वतंत्र पिक्चर ट्यूब, तिच्या काचेच्या आतून फॉस्फरचा थर, आणि त्यावर इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे रेघ ओढतो, परत फिरतो, खालची रेघ ओढतो. पुढची भिंगं ती तीन चित्रं पडद्यावर एकावर एक बसवतात. किती रेघा ओढायच्या, ते सिग्नल सांगेल तसं. म्हणून ‘याचं रिझोल्यूशन किती?’ हा प्रश्नच चुकीचा. बोरूनं लिहिणाऱ्याला विचारावं तसं विचारायला हवं: टोक किती बारीक? जाड टोकानं दाट ओळी लिहिल्या तर पानावर शाईच दिसते, अक्षर दिसत नाही.

हिशेब करून पाहू. मित्राच्या यंत्रातल्या सात इंची नळीवर चित्राची रुंदी साधारण पाच इंच धरली, तर १६:९ आकारात उंची भरते सुमारे ७१ मिलिमीटर. तेवढ्यात ७२० रेघा बसवायच्या तर एकेका रेघेच्या वाट्याला मिलिमीटरचा दहावा भाग येतो. १०८० बसवायच्या तर त्याचाही दोनतृतीयांश. झोताचा ठिपका तेवढा बारीक होत नसेल तर शेजारच्या रेघा एकमेकींवर चढतात आणि बारीक तपशील पुसला जातो. उलट रेघा फार कमी ठेवल्या तर मधली काळी फट उघडी पडते. पडदा दोन मीटर रुंद असेल तर ७२० पैकी प्रत्येक रेघ पडद्यावर दीड मिलिमीटरची होते. नुसत्या डोळ्यांनी मोजता येते!

या फटीचं दुखणं जुनं. हेन्री क्लॉस यांच्या अ‍ॅडव्हेंट कंपनीनं १९७२ मध्ये ‘व्हिडिओबीम’ अमेरिकेतल्या घरांत नेला तेव्हापासूनचं. तिथल्या टीव्हीच्या दिसणाऱ्या रेघा जेमतेम ४८०. त्या सात फुटी पडद्यावर ताणल्या की चित्राचा पन्हाळी पत्रा होतो. इव्ह फरूजा यांच्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीचे लाइन डबलर याच दुखण्यावरचं औषध होते: दोन रेघांच्या मध्ये तिसरी भरायची. पुढे बेल्जियमची बार्को, कॅनडातली इलेक्ट्रोहोम, जपानची सोनी यांनी आठ आणि नऊ इंची नळ्यांची यंत्रं काढली आणि डबलरचं काम कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डानं घेतलं. तेव्हा प्रश्न पालटला. रेघा हव्या तितक्या मिळायला लागल्या. आता थांबायचं कुठे?

थांबायची जागा डोळा सांगतो. यंत्र अर्धा तास तापू द्यावं, रोज जेवढ्या उजेडात सिनेमा पाहतो तेवढाच उजेड ठेवावा, फक्त हिरवी नळी चालू ठेवून पडद्याला नाक लावून उभं राहावं. उजेड महत्त्वाचा, कारण झोत जोरात सोडला की ठिपका फुगतो आणि फटी आपोआप बुजलेल्या दिसतात. मग रेघा वाढवत जायचं. ज्या आकड्याला फट नुकती मिटते, तो आपला आकडा. त्याच्या पुढे गेलात तर अंथरुणाबाहेर पाय. निळीकडे या परीक्षेत पाहूच नये. निळा फॉस्फर जोरात चालवला की लवकर दमतो, म्हणून जाणकार ती नळी मुद्दाम जराशी फोकसबाहेर ठेवतात. निळ्यातला बारकावा डोळ्याला तसाही फारसा कळत नाही.

आता रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला किती वेळा पडदा नव्यानं रंगवायचा. माझ्या मते इथे लोक रिझोल्यूशनपेक्षा जास्त चुकतात. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा. साठावर चालवला तर एक चौकट दोनदा, पुढची तीनदा दाखवावी लागते. कॅमेरा संथपणे मैदानावरून फिरत असेल तर चित्र लंगडतं. ४८ वर लंगडणं थांबतं, पण डोळे दुखतील इतकं लुकलुकतं. ७२ वर प्रत्येक चौकट बरोबर तीनदा. ना लंगडणं, ना लुकलुकणं. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत वेगळाच घोळ. तिथे २४ चा सिनेमा सरळ २५ नं पळवतात. तीन तासांचा चित्रपट सात मिनिटं आधी संपतो आणि गाण्याची पट्टी जवळजवळ पाऊण अर्धस्वर चढते. अशा चित्रणाला ७२ नव्हे, ७५ लागतो.

पण ७२ फुकट मिळत नाही. ७२० रेघांच्या चित्रात न दिसणाऱ्या धरून रेघा ७५०. गुणिले ७२, म्हणजे सेकंदाला ५४,००० रेघा. जुना पाल टीव्ही १५,६२५ ओढायचा. १०८० ला ७२ दिलं तर आकडा ८१,००० वर जातो आणि ग्राफिक्स कार्डाला सेकंदाला जवळजवळ १८ कोटी ठिपके पाठवावे लागतात. झोत वळवणारी सर्किटं तापतात. व्हिडिओ अ‍ॅम्प्लिफायरला तो वेग झेपला नाही तर उभ्या कडा आडव्या फासल्या जातात. माहितीपत्रकातला आकडा एवढंच सांगतो की यंत्र सिग्नल पकडेल. नीट दाखवेल, असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं.

शिवाय प्रत्येक आकड्यासाठी तिन्ही रंगांची जुळवणी नव्यानं करावी लागते, कोपरान् कोपरा, दोन-तीन तास. मित्रानं एक रविवार घालवला आणि ७२० ला ७२ यावर कायमचा थांबला. बरोबर केलं. सात इंचीला एवढं पुरे. आठ इंचीनं ९६० च्या आसपास थांबावं, आणि १०८० ला ७२ हा चांगल्या नऊ इंचीचाच मान.

या नळ्या आता नव्या बनत नाहीत. तेव्हा असं धूड कुणी देऊ करत असेल तर आकडे विचारण्याआधी ते बंद ठेवून तिन्ही भिंगांतून टॉर्च मारा. आतल्या थरावर मळकट चौकोन उमटलेला दिसला तर नळी झिजली आहे. फुकट मिळालं तरी घेऊ नका.