किल्ली पुन्हा फिरवण्याआधी

गाडी सुरू झाली नाही की आपण सगळे एकच गोष्ट करतो. किल्ली पुन्हा फिरवतो. मग आणखी एकदा, जरा जोरात. दहाव्या खेपेला बॅटरीत उरलंसुरलं होतं तेही संपतं आणि एका बिघाडाचे दोन होतात. म्हणून आज एवढंच सांगायचं आहे, की किल्ली पुन्हा फिरवण्याआधी जरा थांबा आणि पहिल्या वेळी काय ऐकू आलं ते आठवा. रोग बहुतेक वेळा त्या आवाजातच असतो.

इंजिन स्वतःहून फिरू लागत नाही; त्याला आधी कुणीतरी फिरवून द्यावं लागतं. पूर्वी हे काम माणूस करी. जुन्या अ‍ॅम्बॅसडरच्या डिकीत त्यासाठी लोखंडी हँडल असे. 1912 साली कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर आला आणि हे कष्ट वाचू लागले. आपण 'सेल्फ' म्हणतो तो हाच. मात्र त्याला ताकद बॅटरीची लागते.

आता आवाज ओळखू. किल्ली फिरवली आणि 'टक-टक-टक-टक' अशी भरभर टकटक आली, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या तारा सैल आहेत. काहीच आवाज नाही आणि समोरचे दिवेही लागत नाहीत, तरी संशय तिथेच. बॉनेट उघडून बॅटरीच्या टर्मिनलांवर पांढरट-हिरवट भुकटी साचली आहे का पाहा. खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने ती निघते. पण आधी तारा काढा, काळी पहिली, आणि हात जपा. कित्येकदा नुसती तार घट्ट बसवली की गाडी चालू होते आणि नव्या बॅटरीचे पैसे वाचतात. भरलेली 12 व्होल्टची बॅटरी मीटरवर साधारण 12.6 दाखवते, 12च्या खाली गेली तर ती रिकामीच समजा.

एकच 'टक' आला, पण हेडलाइट लख्ख आहेत, तर दोष बहुधा स्टार्टरमध्ये असतो. अजिबात आवाज नसेल आणि दिवे नीट असतील, तर क्लच पूर्ण दाबला आहे का, ऑटोमॅटिक गाडीचा गिअर 'पी' किंवा 'एन'वर आहे का, हे आधी पाहा. बटणाच्या गाडीत रिमोटचा छोटा सेल संपलेला असतो, हेही विसरू नका.

इंजिन 'घर्र-घर्र' असं जोमाने फिरतं, पण पेट घेत नाही, तेव्हा बॅटरीला दोष देऊ नका. इथे इंधन किंवा ठिणगी पोचत नसते. पेट्रोल आहे ना, हे काट्यावर भरवसा न ठेवता तपासा. किल्ली अर्धी फिरवली की अनेक गाड्यांत टाकीतल्या पंपाची बारीक गुणगुण एक-दोन सेकंद ऐकू येते. नेहमी येणारी ती गुणगुण आज नसेल, तर पंप किंवा त्याचा फ्यूज पाहायला हवा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये अर्धा मिनिट थांबा.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची मदत घेताना क्रम पाळा. लाल तार आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. शेवटची ठिणगी त्याच्याजवळ पडू नये, म्हणून ही काळजी. जवळ सिगारेट नकोच.

आणि आता सर्वांत महत्त्वाचं. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्यात बुडाल्या. पाण्यात बंद पडलेल्या गाडीची किल्ली फिरवू नये, एकदाही नाही. हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये शिरलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. अशा वेळी इंजिन फिरवलं तर आतला दांडा वाकतो आणि हजारांतलं काम लाखावर जाऊ शकतं. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा धरत नाहीत. त्यासाठी इंजिनचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. पाणी चढत असेल, तर गाडी सोडून आधी माणसं बाहेर काढा. पाणी ओसरल्यावर गाडी ओढून न्या.

गॅरेजमध्ये गेल्यावर 'गाडी चालू होत नाही' एवढंच सांगू नका. 'टकटक येते, दिवे मंद होतात' किंवा 'सेल्फ नीट मारते, पण पेट घेत नाही' असं सांगा. मिस्त्रीचा वेळ वाचेल आणि जे बिघडलं आहे त्याचेच पैसे तुम्हाला द्यावे लागतील.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)