गाडी रात्री कुठे उभी असते?

२०२४च्या जानेवारीत शिकागो आणि आसपासच्या उपनगरांत पारा शून्याखाली वीस अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला, तेव्हा टेस्लाच्या जलद चार्जिंग केंद्रांबाहेर गाड्यांच्या लांबच लांब रांगा लागल्या. काही गाड्या रांगेतच बंद पडल्या आणि ओढून न्याव्या लागल्या. त्या रांगांमध्ये ॲपवरून भाडी घेणारे टॅक्सीचालकही होते. घरच्या गाडीवाल्याचा अशा दिवशी खोळंबा होतो. या चालकाचा मात्र दिवसाचा रोजगारच बुडतो. थंड प्रदेशात टॅक्सी चालवणाऱ्याने निदान हिवाळ्यापुरती इलेक्ट्रिक गाडी सोडून पेट्रोलची घ्यावी का, हा प्रश्न तिथूनच येतो. थंडीत बॅटरी मंदावते, हे त्यावरचे नेहमीचे उत्तर. ते खरे आहे, पण अपुरे आहे. चालकाला पेट्रोलकडे ढकलण्यात बॅटरीतल्या रसायनाचा वाटा आपण समजतो त्याहून लहान आहे. त्याची गाडी रात्री कुठे उभी असते, यावर बरेच काही ठरते.

आधी रसायनाचा वाटा पाहू. लिथियम-आयन बॅटरीतले द्रावण थंडीत घट्ट होत जाते, आयनांची ये-जा मंदावते आणि आतला रोध वाढतो. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनने २०१९मध्ये पाच इलेक्ट्रिक गाड्यांची चाचणी घेतली. शून्याखाली साडेसहा-सात अंश तापमानात, हीटर बंद ठेवून, एका चार्जमध्ये कापले जाणारे अंतर सरासरी १२ टक्क्यांनी घटले. हीटर लावल्यावर ही घट ४१ टक्क्यांवर गेली. म्हणजे नुकसानीचा मोठा हिस्सा माणसांना ऊब देण्यात जातो, बॅटरीच्या आळसात नाही. त्याच चाचणीत ३५ अंशांच्या उन्हात एसी लावून झालेली घट १७ टक्के होती. विदर्भातल्या मे महिन्याची धास्ती घेणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. बाहेर ४५ अंश असताना गाडीत २५ ठेवायचे तर वीस अंशांचा फरक सांभाळावा लागतो. बाहेर उणे १५ आणि आत २० ठेवायचे तर पस्तीस अंशांचा. शिवाय एसी उष्णता फक्त आतून बाहेर नेतो, तर साधा हीटर वीज जाळून ती नव्याने तयार करतो. हीट पंप असलेल्या गाड्या या कामात काटकसर करतात, पण कडाक्याच्या थंडीत त्यांचाही हात आखडतो.

टॅक्सीचे गणित इथे घरच्या गाडीपासून वेगळे होते, आणि या साऱ्या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. हीटरचा खर्च किलोमीटरवर ठरत नाही, तासांवर ठरतो. ॲपच्या चालकांत लोकप्रिय असलेल्या शेवरोले बोल्टची बॅटरी सुमारे ६५ युनिटची आहे आणि शंभर किलोमीटर चालायला तिला साधारण १६ युनिट लागतात. हीटर तीन किलोवॉट घेतो असे धरले, तर महामार्गावर ताशी शंभरच्या वेगाने तेवढे अंतर कापताना तो तीन युनिट खातो. शहरातल्या गर्दीत, ताशी पंचवीसच्या सरासरीने, त्याच अंतराला चार तास आणि बारा युनिट लागतात. शिवाय दर फेरीला दार उघडते आणि साठवलेली ऊब निघून जाते. पुढच्या भाड्याची वाट पाहत उभे असतानाही हीटर बंद करता येत नाही. दहा तासांच्या पाळीत ऊब देण्यातच तीस युनिट, म्हणजे जवळजवळ निम्मी बॅटरी, संपते. घरून कामावर आणि कामावरून घरी जाणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही.

मग पाळीच्या मध्यावर चार्जिंग आले. गोठलेल्या बॅटरीत जोराने वीज कोंबली, तर लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातू होऊन साचतात. तसे होऊ लागले तर बॅटरीची क्षमता कायमची घटते आणि आत शॉर्टसर्किटचा धोका तयार होतो. म्हणून गाडीची यंत्रणाच प्रवाह रोखून धरते आणि आधी बॅटरी तापवते. अर्ध्या तासाचे चार्जिंग तासावर जाऊ शकते. एका गाडीपुरते पाहिले तर ही गैरसोय आहे, पण केंद्रापाशी तिचे रूप पालटते. समजा, एका केंद्रावर आठ चार्जर आहेत. अर्ध्या तासात एक गाडी सुटली तर ताशी सोळा गाड्या होतात. एक तास लागला तर आठच. ताशी बारा गाड्या येत असतील, तर पहिल्या स्थितीत रांगच नसते आणि दुसऱ्या स्थितीत ती दर तासाला चार गाड्यांनी वाढते. पाच तासांत वीस. त्यात प्रत्येक गाडीला हिवाळ्यात अधिक वेळा यावे लागते, आणि रांगेत उभी गाडी हीटरवर वीज संपवत राहते. पुरवठा आटतो तेव्हाच मागणी फुगते. शिकागोत दिसलेल्या कोंडीचा आकार असा समजतो.

यावर कोणी म्हणेल, की थंडी पेट्रोललाही सोडत नाही. बरोबर. अमेरिकी सरकारच्या माहितीनुसार शहरातल्या वापरात २५ अंशांच्या तुलनेत उणे सात अंशांना साध्या पेट्रोल गाडीचे मायलेज सुमारे १५ टक्क्यांनी घटते, हायब्रिडचे त्याहून बरेच जास्त. पण इंजिन इंधनातली जेमतेम पाव ते एक तृतीयांश ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचवते आणि उरलेली उष्णता एरवी वायाच जाते; हिवाळ्यात तीच फुकटात गाडी गरम करते. एका लिटर पेट्रोलमध्ये जवळपास नऊ युनिट ऊर्जा असते. म्हणजे बोल्टची अख्खी बॅटरी म्हणजे सात-साडेसात लिटर पेट्रोल, आणि तेवढ्यावर ती उन्हाळ्यात चारशे किलोमीटर जाते. ही कार्यक्षमता थोर आहे. पण जिथे वाया जाणारे काही उरतच नाही, तिथे उबेसाठी वेगळी वीज मोजावी लागते. शिवाय मायलेज घटले तरी पेट्रोल भरायला पाच मिनिटेच लागतात. चालकाची कमाई वेळावर असते, म्हणून हायब्रिड घेणारा चालक त्याच्या जागी चुकत नाही, असे मला वाटते.

दुसरा आक्षेप नॉर्वेचा, आणि तो भक्कम आहे. २०२४मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नव्या कारपैकी जवळपास ८९ टक्के पूर्ण इलेक्ट्रिक होत्या, आणि नोव्हेंबर २०२४पासून ओस्लोत टॅक्सीही शून्य उत्सर्जनाचीच लागते. थंडी हेच कारण असते, तर हे कसे घडले असते? तिथे घरी चार्जिंग करणारे बहुसंख्य आहेत, आणि अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनाही २०१७पासून चार्जिंगचा हक्क आहे. रात्रभर जोडलेली गाडी सकाळी भरलेली असते आणि निघण्याआधी भिंतीच्या विजेवर गरमही होते. बॅटरीतली वीज रस्त्यासाठी उरते. शिकागोत जुन्या दुमजली-तिमजली घरांत भाड्याने राहणारा चालक मात्र गाडी रस्त्याच्या कडेला, बर्फात लावतो. त्याला दुप्पट-तिप्पट दराच्या सार्वजनिक जलद चार्जरवर जावे लागते, आणि इलेक्ट्रिक गाडीची बचत तिथेच संपते. नव्या बॅटऱ्या हा प्रश्न सोडवतील, अशी आशा काहींना आहे. सोडियम-आयन बॅटऱ्या थंडीत अधिक चांगल्या टिकतात, हे खरेच. पण प्रवाशाला लागणारी ऊब कोणत्याही रसायनात तेवढीच राहणार.

२०२४च्या जानेवारीतच हर्ट्झ या कंपनीने भाड्याच्या वीस हजार इलेक्ट्रिक गाड्या विकून पेट्रोलच्या घेण्याची घोषणा केली. तिचे कारण अपघातदुरुस्तीचा खर्च आणि पडलेल्या किमती हे होते, थंडी नव्हती. ही आणि शिकागोची बातमी एकत्र वाचून इलेक्ट्रिक टॅक्सीचा प्रयोग फसला असा निष्कर्ष काढला, तर त्याची किंमत मोठी आहे. टॅक्सी घरच्या गाडीच्या कितीतरी पट धावते. संशोधक ॲलन जेन यांनी २०२०मध्ये ‘नेचर एनर्जी’त कॅलिफोर्नियातल्या उबर-लिफ्टच्या गाड्यांवरचा अभ्यास मांडला, त्यात अशा एका गाडीचे विद्युतीकरण साध्या गाडीच्या जवळजवळ तिप्पट उत्सर्जन वाचवते असे दिसले. म्हणजे जी गाडी विजेवर आणण्यात सर्वांत जास्त फायदा, तिच्याच मालकाकडे रात्री जोडायला सॉकेट नसण्याची शक्यता सर्वांत मोठी. उबरने अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या शहरांत सर्व फेऱ्या शून्य उत्सर्जनाच्या करण्यासाठी २०३०ची मुदत जाहीर केली आहे. गाडी मात्र चालकाने स्वतःच्या पैशांनी घ्यायची आहे.

गाडी रात्री विजेला जोडणे थंड देशांना नवे नाही. विनिपेग-एडमंटनसारख्या कॅनडातल्या शहरांत पेट्रोलच्या गाड्यांचे इंजिन गोठू नये म्हणून पार्किंगमध्ये सॉकेट असतात आणि लोक झोपण्याआधी गाडी जोडून येतात. पेट्रोलची गाडीही थंडीत हटून बसत होती. तो प्रश्न पार्किंगच्या जागेत वीज नेऊन सोडवला गेला. इलिनॉय राज्यात २०२४च्या आरंभापासून लागू झालेला कायदा नव्या घरांच्या पार्किंगमध्ये चार्जरची पूर्वतयारी सक्तीची करतो, पण जुनी घरे आणि रस्त्याची कड त्यातून सुटतात, आणि टॅक्सीचालक राहतात ते बहुधा तिथेच. शिकागोहून थंड असलेल्या माँट्रियलने रस्त्यांच्या कडेलाच संथ चार्जरचे मोठे जाळे उभे केले आहे. असा सात किलोवॉटचा एक खांब आठ तासांत ५६ युनिट देतो. दहा तासांच्या पाळीतला हीटरचा तीस युनिटांचा खर्च त्यातून भागतो आणि वर दीडशे किलोमीटरची वीज उरते. जलद चार्जरच्या केंद्रांवर होणाऱ्या खर्चातला काही भाग चालकांच्या वस्त्यांमधल्या अशा खांबांकडे वळवता येईल. ते होईपर्यंत नोव्हेंबर ते मार्च हायब्रिड चालवणाऱ्या चालकाला पर्यावरणाचा धडा देण्याचा अधिकार ना कंपन्यांना आहे, ना नगरपालिकांना.