पोरकें मूल आणि त्याचीं कागदपत्रें

आईबाप गेलेलें लेकरूं आजीच्या किंवा मामाच्या घरीं वाढावें, ही आपल्याकडील जुनीच रीत. त्याच्या पालनास सरकारहि हातभार लावतें, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेंतील मदत २०२३ सालीं मुलामागें दरमहा २,२५० रुपये करण्यांत आली. ती वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत मिळूं शकते.

परंतु सरकार मुलास ओळखतें तें कागदांवरून. जन्मदाखला, आईबापांचा मृत्युदाखला, शिधापत्रिका, शाळेचा दाखला, आधारपत्र, बँकेचें खातें, यांतील प्रत्येक कागद एकेका प्रश्नाचें उत्तर आहे : मूल कोणाचें, वय किती, सांभाळतो कोण, पैसा जाणार कोठें? उत्तरें जुळलीं व घरीं येऊन चौकशी झाली, म्हणजे जिल्ह्याची बालकल्याण समिती आदेश देते.

घोटाळा बहुधा नांवांत होतो. मी शिक्षक असतांना एका मुलाचें नांव जनरल रजिस्टरांत ‘बाळू’ असें लिहिलें. जन्मदाखल्यावर तें ‘बाळकृष्ण’ होतें. पुढें तो पोरका झाला, तेव्हां या एका शब्दापायीं त्याच्या म्हाताऱ्या आजीस कित्येक हेलपाटे घालावे लागले. चूक माझी, शिक्षा तिला.

म्हणून मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आंत करावी, आणि सर्व कागदांवर नांव व जन्मतारीख एकच आहे ना, हें पाहावें. शेजारीं असें मूल असेल, तर त्याच्या हातावर खाऊ ठेवाच. पण एक दुपार त्याच्या आजीजवळ बसून हे कागदहि जुळवून द्या.