शिळ्याची खरपुडी

भिलाईजवळच्या जामुलच्या सिमेंट कारखान्यातली रात्रपाळी सुटली की बाबा साडेसहाच्या आत घरी असायचे. सायकल भिंतीला, डबा ओट्यावर, आणि मोरीत पाय धुतले की करड्या पाण्याचा ओघळ नाल्याकडे. तोवर आईने लोखंडी तवा चढवलेला असे. गंजातला काल रात्रीचा भात तिने बोटांनी मोकळा करून ठेवलेला. तेल, मोहरी, हिरवी मिरची, भरपूर कांदा, हळद, मग भात. तो सराट्याने तव्यावर सपाट दाबायचा आणि हात बाजूला घ्यायचा. आम्हा पोरांना सराटा हलवायची फार घाई. आई म्हणायची, "हात नको लावू, बुडाला धरू दे."

भिंतीपलीकडच्या छत्तीसगढी काकींच्या घरीही त्याच वेळी कालचाच भात वाढला जात असे, पण विनाआवाज. रात्री जेवणं झाली की उरलेल्या भातात (खरं तर उरवलेल्या, कारण त्या मुद्दाम जास्तीचा शिजवत) पाणी ओतून त्या मडकं झाकून ठेवत. सकाळी त्यात मीठ, सोबत कच्चा कांदा, हिरवी मिरची, कधी पतालची, म्हणजे टमाट्याची, चटणी. "बासी खाबे का?" असं भिंतीवरून विचारणं हे त्यांचं सकाळचं आमंत्रण.

आमचं घर मूळचं अमरावतीकडचं. मराठीत शिळं हा शब्द बहुधा नाक मुरडूनच येतो. शिळ्या कढीला ऊत आणणं, शिळ्या बातम्या, घरात उरलेलं शिळंपाकं. गीतेच्या सतराव्या अध्यायाने तर शिळ्या अन्नाला तामस आहारातच टाकलंय. त्यामुळे आई फोडणीचा भात रोज करायची, पण पाहुण्यांसमोर नाही. काकी मात्र बासी अंगणात बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत खायच्या. छत्तीसगढीत बासी हे पदार्थाचं नाव आहे, मराठीत शिळं हा शेरा आहे.

हे सगळं आठवायला निमित्त झालं भाच्याचं. तो न्यू जर्सीत असतो. मार्चमध्ये एका सकाळी व्हिडिओ कॉलवर त्याने फोन तव्याकडे वळवला.
"मावशी, बघ काय करतोय. कॉर्न्ड बीफ हॅश."
तव्यात बटाट्याच्या फोडी, कांदा आणि गुलाबीसर मांसाचे तुकडे. त्याने ते उलथन्याने दाबले आणि हात मागे घेतला.
"हलवत का नाहीस रे?"
"हलवलं तर खालून कुरकुरीत होत नाही ना."
म्हटलं, अरे लेका, हे तर तुझी आजी करायची!

मग मी त्या हॅशच्या मागेच लागले. कॉर्न्ड बीफमध्ये मक्याचा संबंध नाही. जुन्या इंग्रजीत कॉर्न म्हणजे कुठलाही दाणा, इथे मिठाचे जाड खडे. त्या खड्यांत किंवा मिठाच्या पाण्यात मुरवलेलं गोमांस ते कॉर्न्ड बीफ. त्याचा गुलाबी रंग मिठाबरोबर वापरल्या जाणाऱ्या सोऱ्याचा, हल्ली नायट्राइटचा. हॅश हा शब्द तुकडे करण्याच्या फ्रेंच क्रियापदावरून आला. म्हणजे नावातच कुस्करणं आहे. आयर्लंडच्या कॉर्क बंदरातून सतराव्या-अठराव्या शतकांत खारवलेल्या गोमांसाची पिंपं गलबतांवर चढून जगभर जात, आणि ती जनावरं पाळणाऱ्या गरीब आयरिश माणसाच्या ताटात उरे बटाटा. पुढे 19व्या शतकात हे मांस डब्यात गेलं. उरुग्वेतल्या फ्राय बेंटोस गावच्या कारखान्याचे डबे पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांच्या पिशवीत होते. तो कारखाना 1979 साली बंद पडला आणि 2015 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. अमेरिकेत स्वस्त खाणावळींना एकेकाळी हॅश हाउसच म्हणत. आज तिथे 17 मार्चला, सेंट पॅट्रिक डे या आयरिश सणाच्या रात्री, कॉर्न्ड बीफ आणि कोबी शिजतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जे उरतं त्याचा हॅश होतो. भाच्याचा फोन 18 तारखेचा होता.

इथे जामुलमध्ये तो करायचा प्रश्नच नाही. छत्तीसगढच्या 2004 च्या कृषिक पशु परिरक्षण कायद्याने गाय-बैलच काय, म्हैसही कापता येत नाही. महाराष्ट्रात बैल कापण्यावरची बंदी 2015 साली आली. म्हणून मराठी माणसाचा या पदार्थाशी संबंधच नव्हता असं कुणी म्हणू नये. मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांमध्ये मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर, उन्हात वाळवत. त्या चान्या. महिनोन्‌महिने टिकत, निखाऱ्यावर भाजून खाल्ल्या जात, डाळीत पडत. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या 2015 सालच्या पुस्तकात या स्वयंपाकघराची हकिकत आहे. एरवी रुचकर पदार्थांच्या मराठी पुस्तकांत चान्या शोधून सापडायच्या नाहीत. मराठीतलं खरं 'कॉर्न्ड बीफ' ते. त्याच्यावर पाककृती लिहिण्याचा अधिकार माझा नाही, पण त्याचं नाव न घेता पुढे जाणं लबाडीचं होईल.

आता मूळ मुद्दा. हॅशला कालचंच का लागतं? आज सकाळी बटाटे उकडून लगेच तव्यावर टाका, फोडींचा लगदा होतो आणि बुडाला चिकटतो. रात्री उकडून थंड केलेला बटाटा मात्र सुरीने कापला तरी कडा धरतो. भाताचंही तेच. शिजताना पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात, मऊ होतात. थंड झाल्यावर त्या पिष्टातल्या साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटून रांगेत बसतात, दाणा घट्ट होतो. फ्रिजच्या थंडीत हे सगळ्यात झपाट्याने घडतं, आणि पोळी कडक पडते तीही याच कारणाने. म्हणून ताज्या गरम भाताचा फोडणीचा भात खिचडीसारखा गिच्च होतो आणि कालच्याचा मोकळा. शिवाय रात्रभरात दाण्याच्या वरचं पाणी थोडं सुकतं. तव्यावर पाणी उडून जाईपर्यंत तापमान शंभर अंशांच्या वर सरकत नाही, आणि खरपूस तांबूस रंग यायला त्याहून बरंच वर जावं लागतं. ओलं अन्न वाफाळत बसतं, कोरडं अन्न भाजतं. आईचं "बुडाला धरू दे" आणि भाच्याचं हात मागे घेणं, दोन्ही याच हिशोबात बसतात.

म्हणजे शिळेपण ही इथली अडचण नाही, तयारी आहे. भिलाईच्या पट्ट्यात राहणाऱ्याला हे पटायला वेळ लागू नये. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसादांनी भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. तेव्हापासून लोखंडाबरोबर स्लॅगही, म्हणजे भट्टीतली मळी, वाहतोय. वितळलेला स्लॅग पाण्याच्या झोतात एकदम थंड केला की त्याचे वाळूसारखे काचेचे दाणे होतात. ते दळून क्लिंकरमध्ये मिसळले की स्लॅग सिमेंट. भारतीय मानकानुसार त्यात स्लॅग 25 पासून 70 टक्क्यांपर्यंत चालतो. भट्टीच्या उरल्यासुरल्यावर जामुलचा सिमेंट कारखाना उभा, आणि त्या कारखान्याच्या पगारावर आमचं घर. स्लॅगला मात्र कुणी कधी शिळा म्हटलं नाही.

आता माझ्या तव्याकडे येते.

शिळ्या पोळीचा कुस्करा मला फोडणीच्या भातापेक्षाही आवडतो. पोळीचे तुकडे हाताने करायचे, मिक्सरला अजिबात लावायचे नाहीत, पीठ होतं. काही तुकडे नखाएवढे, काही रुपयाएवढे राहायला हवेत, म्हणजे बारीक भाग मऊ होतो आणि मोठ्यांच्या कडा कडक. पुण्याकडची माणसं याला फोडणीची पोळी म्हणतात, कुणी माणिकपैंजण असं साजरं नाव देतात. फोडणीत शेंगदाणे आधी तळून घ्यावेत, कांदा पारदर्शक झाला की पोळी, पाण्याचा जेमतेम हबका, झाकण दोन मिनिटं. मग झाकण काढून मोठ्या आचेवर परत कोरडा करायचा. वर सांभार (म्हणजे आमच्या विदर्भातली कोथिंबीर, इडलीबरोबरचं नव्हे) आणि लिंबू. साखर घालणाऱ्यांशी माझं जमत नाही.

खरा हॅश म्हणाल तर तो गोव्यात सापडतो. चोरिस म्हणजे मीठ, व्हिनेगर, लाल मिरची, लसूण-आल्यात मुरवून, आतड्यात भरून वाळवलेलं डुकराचं मांस. आवरण फाडून मांस तव्यात टाकलं की आपल्याच चरबीत शिजतं. त्यात कांदा आणि बटाटा, बस्स. खारवलेलं मांस, बटाटा, कांदा, म्हणजे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला तोच त्रिकोण. एका मैत्रिणीने मडगावहून चोरिसची माळ आणून दिली होती, त्यातली अर्धी मी पहिल्याच दिवशी नासवली. सवयीने फोडींत मीठ घातलं. खारवलेलं काहीही असेल तर मीठ शेवटी, आणि तेही चाखून. बटाटा मांसाच्या दुप्पट घ्यावा, तोच खारेपणा पिऊन घेतो.

चोरिस इथे मिळत नाही, पण सुकी मासळी आठवडी बाजारात मिळते. छत्तीसगढीत ती सुक्सी. वांग्याबरोबर तिचं झोर, म्हणजे पातळ कालवण, करतात. मी कोकणातल्या सुकटीसारखी वागवते. कोरडी भाजून, डोकी-शेपट्या काढून, पाण्यातून पटकन काढून पिळून घ्यायची. तव्यावर आधी रात्री उकडलेल्या आलूच्या फोडी एका बाजूने लाल करायच्या, मग कांदा, मग लसूण-तिखट आणि सगळ्यात शेवटी मासळी, नाहीतर ती जळून कडू होते. वर एक अंडं फोडून झाकण. शेजारी वासावरून ओळखतात, हा एक तोटा.

आणि कालचं मटण. नागपुरी तिखट रस्सा उरला तर दुसऱ्या दिवशी त्यातले तुकडे हाडावरून सोडवून घ्यावेत, बोटांनी रेशे करावेत, बटाट्याबरोबर तव्यावर दाबावेत आणि रस्सा एकेक चमचा सोडत आटवावा. थंड रश्श्यावर जमलेला तेलाचा तवंग हेच यातलं तेल, वेगळं घालायचं नाही. हा पदार्थ मी कुठे शिकले नाही, तो रविवारनंतरच्या सोमवारी आपोआप झाला.

काकींकडे शिळ्या भाताची आणखी रूपं होती. भात मळून तांदळाच्या पिठात मिसळायचा, त्याच्या लांबट वळ्या उकडायच्या आणि तीळ-मिरचीची फोडणी द्यायची, ते फरे. तेच पीठ जाड थापून पळसाच्या पानांत गुंडाळून निखाऱ्यावर भाजलं की अंगाकर. अंगाकरची करपलेली बाजू मला हॅशच्या फार जवळची वाटते. पण त्यांचं मन बासीतच. त्यांच्या हिशोबात बोरे आणि बासी वेगळे. भात शिजवून त्याच दिवशी पाण्यात बुडवला तर बोरे, रात्र काढली तर बासी. वैशाखात, उन्हाचा पारा पंचेचाळिसाकडे चढला की कामावर जाणाऱ्याला हे पाणी आणि मीठ दोन्ही लागतं. रात्रभरात पाण्यातले जिवाणू किंचित आंबटपणा आणतात. ओडिशाच्या शेजाऱ्यांकडे हाच पखाळ, 20 मार्चला त्याचा दिवस साजरा होतो. बंगाल्यांकडे पांता भात. भिलाईच्या एका रस्त्यावर तिन्ही नावं ऐकू येतात.

2022 च्या 1 मे रोजी, कामगार दिनाला, छत्तीसगढचे तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी सगळ्यांना बोरे-बासी खाण्याचं आवाहन केलं. त्या दिवशी अधिकाऱ्यांचे फोटो आले, पितळी वाटीत बासी, बाजूला उभा चिरलेला कांदा. काकींच्या सुनेने मला तो फोटो दाखवला आणि म्हणाली, "एवढा कांदा कोण देतं हो ताई, बासीबरोबर?"

एक गोष्ट बजावून सांगायची आहे, कारण ती मी स्वतः भोगली आहे. लग्नघरातला भात मोठ्या पातेल्यात रात्रभर झाकून तसाच राहिला आणि सकाळी फोडणीला पडला. दुपारपर्यंत आम्ही चौघं आडवे. भातात एका जिवाणूचे बीजाणू शिजल्यावरही जिवंत राहतात. भात कोमट असताना ते वाढतात आणि विष सोडतात, आणि ते विष परतल्याने जात नाही. म्हणून भात परातीत पसरून लवकर गार करावा, तास-दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी संपवावा आणि एकदाच गरम करावा. शिळं चालतं, बेपर्वाई चालत नाही.

आमच्या घरी तव्यावरचा भात उतरवला की खाली खरपुडी राही, तांबडी, तेलकट, कुडकुडीत. ती बाबांची. रात्रपाळी करून आले म्हणून. मी आणि धाकटा भाऊ तव्याच्या कडेला बसून त्यांचा घास मोजत असू, कारण शेवटची खरपुडी ते सराट्याने सोडवून दोन तुकडे करत आणि एक-एक आमच्या ताटलीत सरकवत. त्याचा तुकडा मोठा यायचा, असं माझं आजही म्हणणं आहे. तो म्हणतो, तुझा.

आईचा तो तवा माझ्याकडे आहे. मधोमध जरा खोलगट झालाय, त्यामुळे तेल तिथेच साचतं आणि खरपुडी गोल, पैशासारखी निघते. भाचा दिवाळीला येतोय. त्याने आधीच कळवलंय, मावशी, नॉनस्टिकवर करू नकोस.